शब्दचर्चा: क्वांटम डॉटला काय लिहू?

अर्धाकप: स्वस्त इन्फ्रारेड कॅमेऱ्यावरचा एक लेख मराठीत आणतेय. मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं सिलिकॉन प्रकाशाची तरंगलांबी साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढे गेली की आंधळं, त्यापुढचं बघायला इंडियम गॅलियम आर्सेनाइड लागतं, आणि ते वेगळं बनवून सिलिकॉनच्या चिपला पिक्सेल-पिक्सेलने जोडत बसावं लागतं म्हणून भयंकर महाग. आता लेड सल्फाइडचे अगदी बारीक स्फटिक द्रावात बनवतात आणि तो द्राव सरळ चिपवर पसरतात, जोडाजोडी नाहीच. हे स्फटिक म्हणजेच क्वांटम डॉट. तर क्वांटम डॉटला मी 'पुंजबिंदू' लिहिलं, संपादक म्हणाले हे नक्षत्र आहे का?

पाटावरवंटा: पुंजबिंदूच बरोबर. विश्वकोशात क्वांटमला पुंजच आहे. संपादकांना सांगा वाचा म्हणून.

सांजवारा: पुंज म्हणजे ढीग ना हो? तारकापुंज. आमच्याकडे पुंजका म्हणजे फणीतून निघालेला केसांचा गोळा. आणि क्वांटम म्हणजे ज्याहून लहान वाटा पडतच नाही असं काहीतरी, म्हणजे एकदम उलट अर्थाचा शब्द निवडलाय कुणीतरी.

पाटावरवंटा: ऊर्जा सुटी मिळत नाही, गठ्ठ्यानेच मिळते, म्हणून पुंज. विचार करूनच निवडलाय तो.

रिमोटकुठाय: माझं टीव्हीचं दुकान आहे, गिऱ्हाईक पण 'क्वांटम डॉटवाला दाखवा' म्हणतं. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच डॉटवर मिळालं (बावेंडी, ब्रुस, येकिमोव), शब्द जगभर गेलाय, तुम्ही बसा पुंज मोजत.

सांजवारा: मग निदान 'क्वांटम ठिपके' म्हणा की.

अर्धाकप: ठिपका रांगोळीचा वाटतो, चपटा. हे कण आहेत आणि सगळी गंमत त्यांच्या आकारमानातच आहे. पदार्थ तोच, पण तीनेक नॅनोमीटरचा कण हजार नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पकडतो आणि साडेपाचच्या आसपासचा दीड हजाराच्या जवळ जातो. 'क्वांटम कण' लिहिलं तर इलेक्ट्रॉन-फोटॉन वाटतील. आणि हो, इन्फ्रारेडला 'अवरक्त' चालेल ना?

आठवडीबाजार: नको! आमच्या आईला गुडघ्यावर शेक घ्यायला सांगितला होता, मी शहाणपणा करून 'अवरक्त किरण' म्हणालो तर ती म्हणे माझ्या रक्ताला काय झालंय.

पाटावरवंटा: रक्त म्हणजे लाल, अव म्हणजे खालचा. वारंवारता लालच्या खाली. यात कठीण काय आहे?

सांजवारा: तानापिहिनिपाजा म्हणताना ता च्या आधी काय येतं ते कुणी शिकवलंच नाही, जा च्या पुढच्याला मात्र किती झकास 'जंबुपार'. मग हा 'तांबडाआड' का नाही?

पाटावरवंटा: हसू आलं. आणि ते लेड सल्फाइड नाही, शिशाचं सल्फाइड.

रिमोटकुठाय: सल्फाइड चालतं तुम्हाला, लेड नाही?

आठवडीबाजार: शिशाचं सल्फाइड म्हणजे गॅलेना ना? बाजारातला बराचसा सुरमा तोच असतो, म्हणून तर पोरांच्या डोळ्यात घालू नका म्हणतात. याच गॅलेनाच्या खड्यावर जगदीशचंद्र बोसांनी विद्युतलहरी पकडल्या होत्या, अमेरिकेचं पेटंट १९०४ चं. काय प्रवास आहे, डोळ्यातून थेट कॅमेऱ्यात.

पाटावरवंटा: खरा सुरमा अँटिमनीचा. संस्कृतात सौवीरांजन.

आठवडीबाजार: पुस्तकात असेल. दुकानात मिळतो तो गॅलेना.

अर्धाकप: अहो, शिशामुळेच तर पुढची भानगड आहे, युरोपात इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर निर्बंध आहेत म्हणून आता इंडियम आर्सेनाइडचे डॉट करून बघतायत. पण माझा शब्द?

सांजवारा: थांबा जरा. सुरमा आणि काजळ एकच ना? आजी काजळालाच अंजन म्हणायची.

पाटावरवंटा: छे! काजळ म्हणजे काजळी, दिव्यावर धरलेली. अंजन धातूचं.

आठवडीबाजार: असं? मग रसांजन दारुहळदीच्या काढ्यापासून करतात, त्यात कुठला धातू?