टॅबचा अलार्म खणखणीत, पण व्हिडिओचा आवाज बारीक. स्पीकर गेला का?

सांजवात
बाबांच्या अँड्रॉइड टॅबबद्दल विचारायचं आहे. ते त्यावर व्याख्यानं ऐकतात. हल्ली आवाज फारच बारीक येतो. बाजूचं बटण कितीही दाबलं तरी पट्टी अर्ध्याच्या थोडी वर जाऊन थांबते. नवल म्हणजे अलार्म मात्र पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल इतका जोरात वाजतो. टॅब बंद-चालू केला, ॲप काढून परत टाकलं, फरक नाही. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे टॅब उजव्या कानाशी धरून बसतात. ते बघवत नाही. दुरुस्तीला टाकला तर त्यांचं ऐकणंच बंद होईल, म्हणून आधी इथे विचारते.

पाऊलखुणा
जाळीत धूळ अडकली असेल. टाचणीने हलकेच मोकळी करून बघा.

सोल्डर
टाचणी अजिबात नको! जाळीच्या आत लगेच पातळ पडदा असतो, तो फाटला की स्पीकर बदलण्याशिवाय इलाज नाही. कोरडा मऊ ब्रश पुरे. माझं रोजचं काम दुरुस्तीचं आहे, असे नाहक मेलेले स्पीकर बघून वाईट वाटतं.

पण तुमच्या टॅबमध्ये धूळ हे कारण दिसत नाही. अलार्म आणि व्हिडिओ दोन्ही त्याच स्पीकरमधून वाजतात. जाळी तुंबली असती तर अलार्मही दबला असता. अँड्रॉइडमध्ये मीडिया, अलार्म, नोटिफिकेशन यांचे आवाज वेगवेगळे ठरवलेले असतात, आणि तुमची अडचण फक्त मीडियाची आहे. त्यातही पट्टी वर न जाता मध्येच थांबते, म्हणजे कुणीतरी कमाल मर्यादा लावलेली असणार. सेटिंग्जमध्ये साउंड, मग व्हॉल्यूम उघडा. तिथे किंवा वरच्या तीन ठिपक्यांत ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’ आहे का बघा. ही सोय सगळ्या टॅबमध्ये नसते. नसेल तर लहान मुलांसाठीचं एखादं कंट्रोल ॲप टाकलेलं आहे का ते शोधा.

सांजवात
सापडलं! लिमिट चालूच होतं आणि बंद करताना पिन मागितला. ताईला फोन केला. भाच्याच्या हातात टॅब देताना तिनेच ते लावलं होतं. पिन टाकल्यावर पट्टी पार वरपर्यंत गेली. बाबा टॅब मांडीवर ठेवून ऐकतायत. मनापासून आभार.

आता त्यांना हेडफोन घेऊन द्यावा म्हणते. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्याला काही वेगळं करावं लागतं का?

सोल्डर
हो, आणि हे जरूर करा. स्टिरिओमध्ये काही आवाज फक्त डावीकडे असतो, तो बाबांपर्यंत पोचणारच नाही. ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच येतो. तिथेच डावी-उजवी बॅलन्सची पट्टी असते, ती मधोमध आहे ना तेही बघा. बोट लागून ती एका टोकाला गेली तर एक बाजू गप्प होते, आणि लोक हेडफोन बिघडला म्हणून घेऊन येतात.

एक कळकळीने सांगतो. लिमिट काढलंत ते स्पीकरसाठी ठीक, हेडफोनवर मात्र पट्टी टोकाला नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसासाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबलला तीच मुदत 4 तासांवर येते. बाबांचा उजवा कान जपायलाच हवा. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, बाहेरचा गलका अडला की कमी आवाजातही बोलणं स्पष्ट कळतं. डाव्या कानाची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

पाऊलखुणा
टाचणीचं लक्षात ठेवतो. सांजवात, भाचा परत आला की लिमिट पुन्हा लावा, आणि पिन या वेळी तुमच्याकडेही असू द्या.