48 हजार युरो म्हणजे 48 लाख रुपये? मला हा गुणाकार मान्य नाही

विश्रामबागकर, सांगली
भाच्याला म्युनिकमध्ये पहिली नोकरी लागली, वर्षाला 48,000 युरो. आनंदच आहे. पण घरात सगळ्यांनी शंभरने गुणून 48 लाख केले आणि पुण्यात 5 लाखांवर लागलेल्या माझ्या लेकीला ऐकवायला सुरुवात केली. तिचा चेहरा बघवेना, म्हणून लिहितोय.

महिन्याला 4,000 युरो. आयकर, आरोग्य विमा, पेन्शन (एकट्या पेन्शनचेच 9.3 टक्के) कापून हातात साधारण 2,600. एका खोलीच्या फ्लॅटचं भाडं 1,150. खाणं, प्रवास, फोन, घरटी 18.36 युरोची रेडिओ-टीव्ही फी धरून आणखी 600. राहिले 850. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशोबात अमेरिकेत डॉलरला जे मिळतं ते आपल्याकडे वीस-बावीस रुपयांत मिळतं. मग पगार बाजारभावाने, म्हणजे युरोला शंभर रुपये धरून, का गुणायचा?

कुपवाडचा फिटर
काका, अर्धं बरोबर, अर्धं चुकलं. जे तिथं खर्च होतं त्याला क्रयशक्ती लावा. जे उरतं आणि घरी येतं, त्याला बाजारभावच लागतो. तुमचेच 850 म्हणजे 85 हजार! माझ्या पोराला पुण्यात 5 लाखांतले 37 हजार हातात येतात. खोली, मेस, पेट्रोल जाऊन बारा उरले तर नशीब. कर्जाचा हप्ता बारा हजारांतून फेडायचा की 85 हजारांतून? आणि कापलेला विमा वाया जात नाही. आईच्या ऑपरेशनला मी मिरजेत सोनं गहाण ठेवलंय, मला विचारा.

मिरजेची ताई
दादा, पण जाण्याआधीचं बघा. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाला खात्यात 11,904 युरो दाखवावे लागतात. ते महिन्याला 992 असे परत आपल्यालाच मिळतात, आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, म्हणून निभावतं. अमेरिकेत फीच मोठी. शिकून झाल्यावर 12 महिने काम, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी 24, पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या 85,000 जागांची सोडत. नंबर नाही लागला तर रुपयातल्या पगारातून डॉलरच्या फीचं कर्ज. आमच्या गल्लीत एक घर आत्ता त्यातून जातंय. 'परदेश' असा एकच रकाना करूच नका.

विश्रामबागकर, सांगली
उरलेल्या पैशाचं फिटरदादांचं म्हणणं पटलं. तो हिशोब मी केलाच नव्हता. पण तुलना मग उरलेल्याचीच करा, 85 हजार आणि बारा हजार. 48 लाख आणि 5 लाख हे कुणाच्याच हातात येत नाहीत. आणि लेक महिन्यातून दोनदा कोयना एक्सप्रेसने घरी येते, आजीचं औषधपाणी बघून जाते. ते मी कुठल्या रकान्यात लिहू?

कुपवाडचा फिटर
ते खरंय काका, त्याला उत्तर नाही माझ्याकडं. फक्त भाच्याला एक विचारा: 1,150 हे 'कोल्ड' भाडं की 'वॉर्म'? कोल्ड असेल तर हीटिंग वेगळं, मग 850 सुद्धा राहायचे नाहीत.