'ओव्हरसाइट'ला मराठीत काय म्हणायचं?

शाहूपुरीची
एका मासिकासाठी अमेरिकेतल्या चर्च समितीवरचा लेख मराठीत आणतेय. (चर्च म्हणजे प्रार्थनेचं नव्हे. सिनेटर फ्रँक चर्च. सीआयए, एफबीआय, एनएसए या तिथल्या गुप्तचर आणि तपास संस्थांनी आपल्याच नागरिकांवर काय काय उद्योग केले, ते १९७५-७६ मध्ये यांच्या समितीने चव्हाट्यावर आणलं.) सर्व्हेलन्सला 'पाळत' घेतलं, ते बसलं. अडलंय ओव्हरसाइटवर, म्हणजे या संस्था नीट वागतात का हे बाहेरच्या कुणी तपासणं. 'गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख हवी' असं लिहिलं, तर संपादकांनी समासात शेरा मारला: 'देखरेख तर त्या संस्थाच करतात ना, लोकांवर?' पुढे जागोजागी 'देखरेख समिती' येते. वाचकाला वाटायचं, हीच ती फोन ऐकणारी मंडळी. यंत्राकडून मसुदा काढून पाहिला, तर 'इंटेलिजन्स'चा अर्थ गुप्तवार्ता न घेता 'सिनेटची बुद्धिमत्ता समिती' मिळाली. सुचवा काहीतरी.

माळावरचा
देखरेखीला काय धाड भरली? उसाच्या तोडीवर मालक देखरेख करतो, तो बांधावर छत्री घेऊन उभा असतो, सगळ्यांना दिसतो. पाळत चोरून असते. फरक साफ आहे. संपादकांना सांगा.

शाहूपुरीची
फरक मलाही कळतो हो, पण वाक्यात टिकत नाही. हे बघा: तार कंपन्या परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती १९४५ पासून आधी लष्कराला आणि मग एनएसएला देत राहिल्या. १९७५ पर्यंत हे चाललं, कारण त्यावर कुणाची ___ नव्हती. इथे 'देखरेख' घातलं की तारा नीट वाचल्या जातायत का हे बघायला कुणी नव्हतं, असा अर्थ होतो!

कागलकर
आमच्याकडं कोण पाळतबिळत म्हणत नाही. 'मागावर हाय', 'डोळा ठेवलाय', नाहीतर सरळ 'वॉच ठेवलाय'. साध्या कपड्यातला कोण बी दिसला की सीआयडी. आणि पोलीस ठाण्यात ते 'गोपनीय'वाले असतात बघा. माझ्या पासपोर्टला आला होता एकजण. बुलेट गल्लीच्या तोंडाला लावली, पानपट्टीवर विचारलं, दूधवाल्याला विचारलं, 'ह्ये कुठं राहतात, वागणूक कशी हाय?' घरात यायच्या आधी आईला तिघांचे फोन, 'पोरानं काय केलं?' ह्येला गोपनीय म्हणायचं?

निवृत्त टेबल
कागलकर, सरकारी नोकरीत गोपनीय म्हटलं की एकच आठवतं: वार्षिक गोपनीय अहवाल. कपाटाची किल्ली साहेबांकडे, आणि शेरा काय पडला ते शिपायापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक. ज्याचा शेरा त्यालाच तेवढा पत्ता नसायचा. २००८ साली देव दत्त खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शेरा त्या कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. कळवायला लागले, कागदावर नावही बदललं, पण लोकांच्या तोंडी अजून 'गोपनीय'च!

धातुपाठ
यात नवल नाही. 'गुप्' म्हणजे मुळात राखणे. गुप्त म्हणजे राखलेलं, चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने राखलेला. लपवणे हा अर्थ मागाहून चिकटला. पाळतही 'पाळणे'मधूनच आली, म्हणजे सांभाळ करणे. आणि देखरेखीतला 'रेख' हा माझ्या मते 'राख'चाच भाऊबंद. तिन्ही शब्द राखणदाराचे!

माळावरचा
'माझ्या मते'वर व्युत्पत्ती चालते होय? मग पाळत पाळण्यातून आली म्हणा की, बाळ झोपलं का बघायला.

शुद्धमती
देखरेख हिंदीतून आलेला शब्द, तो टाळावा. 'पर्यवेक्षण' असताना उसनवारी कशाला? तसेच 'वॉच', 'सीआयडी' हेही.

कागलकर
पर्यवेक्षण म्हटलं की दहावीच्या परीक्षेत कॉप्या पकडणारे सर आठवतात.

निवृत्त टेबल
'अंकुश' का नको? वर्तमानपत्रं सर्रास वापरतात.

बार रूम
अंकुश म्हणजे आवरणं. ओव्हरसाइटमध्ये आधी बघणं आहे, मग विचारणं, आवरणं सगळ्यात शेवटी. आमच्याकडे तर 'बाय ओव्हरसाइट' म्हणजे नजरचुकीने, अर्जात रोज लिहितो. त्या हिशेबाने 'सिनेटची नजरचूक समिती' करा!
गंमत सोडा. नामाचा हट्ट सोडून क्रियापद वापरून बघा. 'या संस्थांना जाब विचारणारं कुणी नव्हतं.' तुमच्या तारांच्या वाक्यात चपखल बसतं. समितीला 'जाब समिती' म्हणता येणार नाही, तिथे अडेल.

माळावरचा
बसतं. पण आपल्याकडे तरी जाब विचारणारं कोण आहे? तिकडे १९७६ मध्ये सिनेटने कायमची समिती नेमली, १९७८ मध्ये पाळतीसाठी वॉरंट देणारं वेगळं न्यायालय आणलं.

बार रूम
आपल्याकडे पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरचा सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा निकाल. फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिवांनी द्यायचा, तो तपासायला समिती. केंद्रात कॅबिनेट सचिवांची, राज्यात मुख्य सचिवांची. बाकी सदस्यही सचिवच. ना न्यायाधीश, ना विरोधी पक्षाचा खासदार. दूरसंचाराचा २०२३ चा नवा कायदा आला तरी साचा तोच. २०११ मध्ये काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी गुप्तचर संस्थांसाठी खासगी विधेयक मांडलं, ते तसंच विरलं. त्या सचिवांच्या समितीचं मराठी नाव 'पुनर्विलोकन समिती'. विलोकन तरी कितीसं होतं कुणास ठाऊक, पुनर्विलोकन लांबच.

धातुपाठ
वस्तूच नाही, तर शब्द कुठून येणार?

शाहूपुरीची
असं कसं? शब्द आधी आणि वस्तू मागाहून, असंही होतं. 'माहितीचा अधिकार' हे शब्द घोषणेत होते, २००५ चा कायदा नंतर आला.

निवृत्त टेबल
त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आयबी, रॉ यांना सूट आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या तक्रारीपुरती माहिती मागता येते, एवढंच. बाकी १९२३ चा कायदा आहेच, 'शासकीय गुपिते अधिनियम'.

कागलकर
गुपिते?? बहिणीनं चिंचा कुठं ठेवल्यात, ते गुपित. तोफा कुठं ठेवल्यात, ते बी गुपितच व्हय?

धातुपाठ
गुपित उत्तम मराठी शब्द आहे! 'गुप्त'चंच घरगुती रूप.

शुद्धमती
गुपितास हरकत नाही. पण 'जाब' हा 'जवाब'वरून आलेला, यावनी आहे, हे कुणाच्याच लक्षात आले नाही?

बार रूम
आलं होतं. खबर, हिशेब, कायदा, सरकार हेही तिकडचेच. काढा बघू एकेक. अष्टप्रधानांत मंत्र्याला वाकनीस म्हणत, तोही फारसीच.

शुद्धमती
आणि राज्याभिषेकाच्या वेळी त्याचा 'मंत्री' झाला, ते विसरलात का? सरकारला 'शासन' आहे.

कागलकर
शासन म्हणजे शिक्षा बी होते वो. ते चालतंय व्हय?