रिस्टोअर, ओव्हरऑइल, मुरलेली तबकडी

गोदाकाठ

आपल्या नाशिकच्या मंडळींत घड्याळं आणि सिनेमे यांवर एका दमात बोललं जातं, आणि एक शब्द दोन्हीकडे सर्रास येतो: 'रिस्टोअर'. जुन्या सिनेमाची प्रत रिस्टोअर झाली म्हटलं की सगळ्यांना आनंद होतो. पण जुनं एचएमटी किंवा ओमेगा 'रिस्टोअर केलेलं' आहे म्हटलं की हीच माणसं ते हातात घ्यायलाही तयार नसतात. असं का? जीर्णोद्धार, डागडुजी, नूतनीकरण, पुनरुज्जीवन, यातला कोणता शब्द कुठे बसतो?

दुसरी शंका 'ओव्हरऑइल'ची. चावीचं घड्याळ दुरुस्तीला नेलं की 'ओव्हरऑइल करावं लागेल' असं ऐकू येतं. हा शब्द नेमका कुठला?

तासकाटा

दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो, कारण तिथे शब्दामुळे घड्याळाचं प्रत्यक्ष नुकसान होतं.

मूळ शब्द ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून, साफ करून, पुन्हा जुळवणं. आपल्याकडे तो सायकलच्या दुकानातून आला आणि येताना 'ओव्हरऑइल' झाला. सायकलला हे चालून गेलं. तिथे काम संपताना साखळीवर तेल आणि बेअरिंगमध्ये ग्रीस दिसतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला शब्द पटतो. घड्याळात मात्र जास्तीचं तेल हाच रोग आहे.

सतरा ज्वेलच्या (ज्वेल म्हणजे चक्रांची टोकं ज्यांत फिरतात तसे खडे) साध्या चावीच्या घड्याळात खऱ्या ओव्हरहॉलचा क्रम असा असतो. आधी चावी बोटांत धरून क्लिक (कमान उलटी सुटू न देणारी कळ) बाजूला करायची आणि मुख्य कमानीतला ताण हळूहळू सोडायचा. ही पायरी गाळून चक्रांना दात्यादात्याने अडवणाऱ्या पॅलेट फोर्कचा पूल, म्हणजे वरची पट्टी, काढला तर चक्रं एकदम सुसाट फिरतात आणि फोर्कची केसाएवढी टोकं मोडतात. मग बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चक्र), नंतर पॅलेट फोर्क, मग चक्रांचा पूल, शेवटी बॅरल (मुख्य कमानीची डबी). सगळं सफाईच्या द्रावात धुऊन दोनदा विसळून वाळवायचं. पॅलेटचे खडे लाखेने बसवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून फोर्क अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायचा नाही. पंपावरच्या पेट्रोलने धुतलं तर मागे थर राहतो आणि नवं तेल त्यात मिसळून लवकर चिकट होतं.

मग तेल. बॅलन्सच्या टोपीच्या खड्यावर मोबियस ९०१० या पातळ तेलाचा एक थेंब, खड्याच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश व्यासाइतका. भिंगातून बघितलं तर दोन खड्यांच्या मध्ये तेलाचं स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं आणि त्याच्या चहूबाजूंनी कोरडी कड राहते. ती कड दिसली म्हणजे थेंब बरोबर पडला. संथ फिरणाऱ्या, जास्त दाबाच्या चक्रांना एचपी १३०० हे दाट तेल, तेही खड्याची वाटी अर्धी भरेल इतकंच. पॅलेटच्या खड्यांना ९४१५ हे ग्रीस. पॅलेट फोर्कच्या टोकांना आणि चक्रांच्या दात्यांना काहीही नाही.

वाटी काठोकाठ भरली की तेल केशाकर्षणाने पुलाच्या फटीत ओढलं जातं आणि जिथे हवं तिथे उरत नाही. तेच तेल हेअरस्प्रिंगवर (बॅलन्सची बारीक कमान, कारागिरांच्या हिंदीत बालकमानी) गेलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमानीची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ तासाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. चुंबकत्व लागलं तरी असंच होतं, म्हणून आधी होकायंत्र जवळ धरून सुई हलते का ते बघावं.

थोडक्यात, शब्द चुकीचा आहे एवढंच नाही, तो चुकीची मागणी करायला शिकवतो. 'पूर्ण सर्व्हिसिंग' म्हणा किंवा सरळ 'खोलून सफाई' म्हणा.

लंबक

तासकाटा दादा, उत्तम. फक्त 'ज्वेल' या शब्दावर दोन ओळी टाकतो, कारण 'यात माणकं आहेत' म्हणून किंमत चढवणारे भेटतात. ही माणकं कृत्रिम असतात, ती बनवण्याची रीत १९०२ पासून ठाऊक आहे, दागिना म्हणून त्यांना मोल नाही. सतरा का, ते मोजता येतं: बॅलन्सला चार, रोलरला एक, पॅलेटचे खडे दोन, पॅलेटची टोकं दोन, आणि एस्केप, चौथं, तिसरं, मधलं या चार चक्रांना दोन दोन. बेरीज सतरा. यापुढचे खडे स्वयंचलित वा तारखेच्या यंत्रणेसाठी येतात आणि कधी कधी नुसत्या जाहिरातीसाठी.

रीळवाला

आता गोदाकाठ ताईंचा पहिला प्रश्न. मी सिनेमाच्या बाजूने बोलतो.

सिनेमात रिस्टोअर करताना मूळ वस्तूवर रंग चढवत नाहीत. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या जळक्या पट्ट्या ओलावा देऊन मऊ केल्या, तुटक्या कडा आणि भोकं हाताने जोडली, पण ती स्कॅनरमधून जाण्यापुरती. जिथे निगेटिव्ह कामातून गेली होती तिथे दुसऱ्या प्रतींवरून चित्र घेतलं. ओरखडे, डाग, थरथर यांची सफाई झाली ती संगणकातल्या प्रतीवर. २०१५ मध्ये नवी ४के प्रत आली, आणि जुनी पट्टी होती तशीच राहिली. उद्या कुणाला ही सफाई आवडली नाही तर तो पुन्हा मूळापाशी जाऊ शकतो.

घड्याळाला ही सोय नाही. तबकडी एकच. ती खरवडून पुन्हा छापली की मूळ संपलं. म्हणून सिनेमातल्या रिस्टोअरला मी 'पुनरुद्धार' म्हणेन, आणि घड्याळाच्या तबकडीला रंग देण्याला 'रंगवणं' याच्या पलीकडे कुठलाही मोठा शब्द देणार नाही.

जाता जाता, माल्टीज क्रॉस (क्रुसाच्या आकाराचं चक्र) दोन्ही छंदांत सामाईक आहे. प्रोजेक्टरमध्ये फिल्म थांबत थांबत एकेक फ्रेम पुढे सरकते ती त्याच्या जोरावर. त्याचाच भाऊबंद पूर्वी घड्याळाच्या बॅरलवर बसायचा आणि कमानीला चावी ठरावीक फेऱ्यांपुरतीच देऊ द्यायचा.

भांडीबाजार

रीळवाला दादांशी अर्धा सहमत. 'जीर्णोद्धार' मात्र घड्याळालाही नको. तो देवळाचा शब्द आहे. देऊळ चालतं राहिलं पाहिजे, तिथे पूजा होते, म्हणून मोडका दगड बदलणं योग्य. संग्राहकाच्या घड्याळात यंत्र चालतं राहिलं पाहिजे आणि चेहरा तसाच राहिला पाहिजे. एकाच वस्तूच्या दोन भागांना दोन नियम, तर शब्दही दोन हवेत: यंत्राची *दुरुस्ती*, चेहऱ्याचं *जतन*.

मला खरं तर 'पॅटिना'वर, म्हणजे वस्तूवर वयाने चढणाऱ्या छटेवर, बोलायचं होतं. मराठीत काय म्हणाल? आमच्या तांब्या-पितळेच्या बाजारात 'कळकणं' आहे, पण ते बिघाडाचं नाव आहे, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं तसं. पॅटिनाला मी 'मुरणं' सुचवतो. तबकडी मुरली, लोणचं मुरतं तशी. मुरायला वेळ लागतो, ते सगळीकडे सारखं होतं आणि ते घाईने करता येत नाही.

आणि जे मुरलेलं नाही, नुसतं भिजलेलं आहे, त्याला 'मुरलेलं' म्हणून विकू देऊ नये. ओळख अशी. मुरलेल्या तबकडीत अंकांवरच्या चमकद्रव्याचा पिवळसर रंग आणि काट्यांवरचा रंग जवळपास जुळतो. ओल गेलेली तबकडी बहुधा कडेने किंवा तीनच्या अंकाजवळ बिघडते, कारण चावीच्या नळीतून दमट हवा आत येते. तिथे लाखेचा थर फुगतो, पोपडे येतात, काट्यांच्या बुंध्याला गंज दिसतो. नाशिकच्या आषाढ-श्रावणात चावीचं जुनं गॅस्केट बदललं नसेल तर काचेच्या आतून वाफ धरते. ती दिसली की घड्याळ उन्हात ठेवू नका, त्याने पाणी आतच फिरतं. त्याच दिवशी झाकण उघडून घ्या.

एक सावधगिरी: १९६० च्या आधीच्या अनेक तबकड्यांवर रेडियम आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, म्हणजे चमक गेली तरी किरणं गेली नाहीत. ते द्रव्य कधीही खरवडू नये, त्याची धूळ श्वासात जाते. पुढे ट्रिटियम आलं (तबकडीच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर), त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. ते आता अंधारात जवळपास दिसतच नाही, आणि तसंच असायला हवं. ट्रिटियमचं चिन्ह असलेली तबकडी रात्रभर झगझगत असेल तर कुणीतरी नवं द्रव्य भरलं आहे.

रीळवाला

'मुरणं' सुंदर आहे, पण एक हरकत आहे. जुन्या रंगीत प्रिंट कालांतराने गुलाबी होतात, कारण निळसर-हिरवा रंग आधी उडतो. त्याला कुणी 'मुरलेला सिनेमा' म्हणत नाही, म्हणतात प्रिंट गेली. मग डुबकीच्या घड्याळाची काळी बेझल (काचेभोवतीचं कडं) उन्हाने राखाडी झाली तर तिथे दुप्पट पैसे का मोजायचे? तीही रंग उडालेलीच आहे.

भांडीबाजार

हरकत रास्त आहे. माझं उत्तर: गुलाबी प्रिंटमध्ये दिग्दर्शकाने दाखवलेलं काही तरी आता दिसत नाही. राखाडी बेझलवर आकडे अजून वाचता येतात, घड्याळ आपलं काम करतं. काम शाबूत असेल तर मुरणं, काम गेलं तर झिजणं. तबकडीवरचे आकडे वाचता येईनासे झाले तर तीही 'गेली'च म्हणावी, मग विकणारा काहीही म्हणो. किमतीचं म्हणाल तर त्या फक्त डोळ्यांवर ठरत नाहीत, दुर्मीळपणावर ठरतात, आणि तिथे कुठलाच शब्द मदतीला येत नाही.

गोदाकाठ

आणखी एक शब्द खटकतो: 'मुंबई स्पेशल'. परदेशी संग्राहक भारतातून विकल्या जाणाऱ्या रंगवलेल्या घड्याळांना असं म्हणतात. यात सगळी भारतीय जुनी घड्याळं बदनाम होतात.

तासकाटा

होतात, आणि राग येणं साहजिक आहे. एचएमटीचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात उभा राहिला, आणि 'जनता', 'पायलट' ही मूळ स्थितीत आजही दणकट, प्रामाणिक घड्याळं आहेत. बदनाम झालं ते त्यांच्यावर भडक केशरी-हिरव्या तबकड्या चढवल्यामुळे. 'मुंबई स्पेशल'ऐवजी मराठीत सरळ 'रंगवलेली तबकडी' म्हणावं, गावाचं नाव मध्ये कशाला.

ओळखायला दहापट भिंग पुरतं. मूळ छपाईची शाई पृष्ठभागावर किंचित उचललेली असते आणि अक्षराची कड धारदार असते. रंगवलेल्या तबकडीत अक्षरांच्या कडा पसरतात, 'एम'च्या आतले कोपरे भरून जातात. मिनिटांच्या रेषा वर बसवलेल्या खुणांच्या मध्यावर येत नाहीत. मधल्या भोकाच्या आणि तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंग ओघळलेला दिसतो. काटे दुसऱ्या घड्याळाचे असतील तर मिनिटकाटा मिनिटांच्या पट्टीपर्यंत पोचत नाही किंवा तिच्या बाहेर जातो.

अनेक घड्याळांचे भाग एकत्र करून केलेल्याला 'फ्रँकन' म्हणतात, मेरी शेलीच्या १८१८ च्या 'फ्रँकनस्टाइन' कादंबरीवरून, आणि पुढे त्यातला राक्षस सिनेमामुळे घरोघरी पोचला. मराठीत 'ठिगळाचं घड्याळ' चांगलं बसतं. यंत्राचा एखादा भाग त्याच कॅलिबरच्या (यंत्राच्या प्रकाराच्या) दुसऱ्या यंत्रातून घेतला तर ती दुरुस्तीच. ठिगळ म्हणायचं ते केस, तबकडी आणि यंत्र मुळात एकमेकांचे नसतील तेव्हा.

लंबक

सिनेमामुळे घड्याळांना पडलेली टोपणनावं मात्र भाषांतरित करू नयेत. सेको ६१०५ ला 'विलार्ड' म्हणतात ते 'अपॉकलिप्स नाऊ' (१९७९) मधल्या कॅप्टनवरून. हॅमिल्टनचं 'मर्फ' २०१४ च्या 'इंटरस्टेलर'वरून, विक्रीला २०१९ मध्ये आलं, आणि त्याच्या सेकंदकाट्यावर मॉर्समध्ये 'युरेका' छापलेलं आहे. ही विशेषनामं आहेत, तशीच राहू द्या.

रीळवाला

घड्याळाचं 'पुढे जाणं' हा शब्दही आमच्याकडे सिनेमात उसना घेता येईल. फाळक्यांची हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ मध्ये इथे नाशिकला निघाली, तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा फ्रेम. तीच पट्टी चोवीसच्या वेगाने दाखवली की माणसं दुडदुडू पळतात. लोक म्हणतात 'जुने सिनेमे विनोदीच असायचे'. विनोदी नव्हते, दीडपट पुढे जात आहेत. वेग बरोबर लावला की तेच पात्र शांतपणे चालतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारते: दुकानात घड्याळ देताना पावतीवर नेमकं काय लिहून घ्यावं? तिथे 'जतन' म्हणून कुणाला कळेल असं वाटत नाही.

तासकाटा

शब्द साधे ठेवा आणि देताना समोर वाचून घ्या:

'यंत्र पूर्ण खोलून सफाई व तेल. तबकडी व काटे धुऊ नयेत, पुसू नयेत, रंगवू नयेत. केस पॉलिश करू नये. काच बदलल्यास जुनी काच परत. बदललेला प्रत्येक भाग पुडीत परत.'

पॉलिशचं वाक्य सोन्याचा मुलामा असलेल्या केसला सर्वात महत्त्वाचं. मुलामा बहुधा दहा ते वीस मायक्रॉनचा असतो, बफिंगच्या चाकावर तो आधी कडांवरून जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. देण्याआधी तबकडीचा, पाठीच्या आतल्या बाजूचा आणि यंत्रावरच्या आकड्यांचा फोटो दुकानदारासमोरच काढा. परत घेताना पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून टायमिंग मशीनवर लावायला सांगा. अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २७० ते ३०० अंशांत हवी. जुन्या यंत्राला २५० चालेल. २०० च्या खाली असेल तर काम पुन्हा करायला द्या, पैसे तेव्हाच चुकते करू नका. मशीनवर त्या कॅलिबरचा लिफ्ट अँगल (त्या यंत्रासाठी ठरलेला कोन) बरोबर टाकला आहे ना, तेही बघा, नाहीतर आकडा फसवा येतो.

भांडीबाजार

पुडीची अट विसरू नका, ताई. जुनी चावी, जुना काटा, जुनी काच, सगळं त्या पुडीत घालून डबीत जपून ठेवा.