सिव्हिल नसताना पाण्याच्या कामात: तुमचे अनुभव लिहा

महिनाभरात तिघांनी एकच विचारलं, "नोकरी सोडून पाण्याच्या कामात कसा शिरलास?" म्हणून हा धागा. आधी माझं सांगतो.

मी मेकॅनिकलचा. अकरा वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग, मग नळयोजनांचे आराखडे करणाऱ्या एका छोट्या सल्लागाराकडे. पंप म्हणजे आपला प्रांत, या गुर्मीत पहिलं गाव घेतलं. माणशी 55 लिटर, पंप 16 तास, त्यावरून रायझिंग मेनचा, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंतच्या पाइपाचा, व्यास. गणित चोख. पंप चालवणारे काका म्हणाले, "साहेब, इथं थ्री फेज आठच तास असतं." तास निम्मे म्हणजे प्रवाह दुप्पट, आणि त्याच पाइपात घर्षणात जाणारा दाब साडेतीन पट. व्यास बदलला, अंदाजपत्रक बदललं. आता गावात शिरलो की आधी विजेच्या वेळा विचारतो.

*

आयटी, पुणे. एपानेट, म्हणजे पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, घरी बसून शिकले. नळयोजना आखायचं आयआयटी मुंबईचं सॉफ्टवेअर, जलतंत्र, नंतर हाती आलं. मॉडेल चालवायला आपल्याला जड जात नाही, मी फसले ती पातळ्यांत. उपग्रहाच्या नकाशावरून जमिनीची उंची उचलली. टाकी 12 मीटर उंच, शेवटच्या नळाला दाब हवा 7 मीटर (दाब पाण्याच्या उंचीत मोजतात). हाताशी उरले 5, आणि नकाशाची चूकच तेवढी! ती वाडी टेकाडावर निघाली. मग ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) घेऊन चार दिवस उन्हात.

पगार निम्म्यावर आला. हे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

*

इलेक्ट्रॉनिक्स, सध्या इंग्लंड. गळती शोधतो. रात्री दोन ते चार माणसं झोपलेली असतात, तरी मीटरवर जो प्रवाह दिसतो त्यातला बराचसा गळतीचा. सुट्टीत गावी हे रंगवून सांगत होतो. भाऊ म्हणाला, "आपल्याकडे पाणी दिवसाआड तासभर. रात्री पाइप कोरडाच." माझी अख्खी पद्धत तिथेच संपली. वर, पाइप रिकामा असला की त्याच फटीतून गटाराचं पाणी आत येतं, ते वेगळंच.

*

मी सिव्हिलचीच, पण रस्त्यांची. चालेल ना इथे? आता शहापूर तालुक्यात पाड्यांच्या योजना करते. भातसा, तानसाचं पाणी इथून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो, हे पेपरात वाचलं होतं. रस्त्याच्या सवयीने मी सर्व्हे सोयीच्या महिन्यात केला. जानेवारीत विहीर तुडुंब होती, तिच्यावर योजना आखली. मेमध्ये जाऊन बघायचं सुचलंच नाही.

टाकी झाली, नळही आले. एप्रिल लागला की टँकर त्याच विहिरीत रिकामा करतात.