मदत हवी आहे: वाचनालयाचं संकेतस्थळ आहे, तरी वाचक खिडकीशीच येऊन विचारतात

देवघेव

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, ‘अ’ वर्गाचं. मी कार्यकारिणीवर आहे. पेशाने हिशेबनीस, त्यामुळे संगणकातलं कळतं ते एक्सेलपुरतंच. मागे एका देणगीदारांनी पैसे दिले त्यातून संकेतस्थळ करून घेतलं. ग्रंथयादी, पुस्तक राखून ठेवणं, मुदत वाढवणं, वर्गणी भरणं, सगळं त्यात आहे. पण वापरत कुणी नाही. वाचक फोन तरी करतात, नाहीतर देवघेवीच्या खिडकीशी उभे राहून विचारतात, “ते पुस्तक परत आलं का हो?”

कार्यकारिणीचं म्हणणं, लोकांना सवय नाही, एक प्रशिक्षण शिबिर घेऊ. मला हे पटत नाही. हीच माणसं भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतात, रेल्वेचं तिकीट काढतात, नातवाशी व्हिडिओवर बोलतात. मग आमच्याच संकेतस्थळावर त्यांचं घोडं का अडतं?

म्हणून एका निवृत्त शिक्षिकेच्या शेजारी बसलो. गावात सगळे त्यांना बाईच म्हणतात. काही न सांगता नुसतं बघत राहिलो. त्यांच्या फोनवर पहिलं पान उघडायलाच बराच वेळ गेला. उघडलं तर उद्घाटनाचा फोटो, तो सरकला की अध्यक्षांचा, मग सत्काराचा. वाचनालयाची वेळ सापडेना. ती ‘संस्थेविषयी’मध्ये इतिहासाच्या खाली निघाली. मग बाईंनी शोधलं, ‘पु ल देशपांडे’. उत्तर आलं, ‘नोंद सापडली नाही’. आमच्याकडे पुलंची कपाटभर पुस्तकं आहेत! यादीत नाव ‘देशपांडे, पु. ल.’ असं आहे, म्हणून.

पुढे पुस्तक राखून ठेवायला खातं उघडायचं. पासवर्डात एक मोठं इंग्रजी अक्षर, एक चिन्ह, एक आकडा हवा. ते जमवलं. ओटीपी बघायला बाई मेसेजमध्ये गेल्या, परत आल्या तर अख्खा फॉर्म कोरा. पुन्हा भरला. मराठी कीबोर्ड चालू होता, त्यामुळे सभासद क्रमांक मराठी आकड्यांत टाकला. वर लाल अक्षरांत ‘अवैध नोंद’. कुठल्या चौकटीत, ते नाही. बाई म्हणाल्या, “जाऊ दे रे, उद्या येतेच मी तिकडे.”

ज्यांनी संकेतस्थळ केलं ते म्हणतात, बदल हवे असतील तर नवं कोटेशन. आमच्याकडे पैसे बेताचेच. यातलं आधी काय दुरुस्त करून घ्यावं? आणि शिबिराने हे सुटणार नाही हे कार्यकारिणीच्या गळी कसं उतरवावं?

चावडी

ॲप काढा. आजकाल सगळे ॲपच वापरतात.

घाटावरचा

@चावडी, संकेतस्थळावर जे सापडत नाही ते ॲपमध्ये कसं सापडेल? वर फोनमध्ये जागा नाही म्हणून माणसं ॲप काढून टाकतात ते वेगळंच.

देवघेव दादा, मी पुण्यात हेच काम करतो. माझ्या मते सगळ्यात आधी शोध. वाचनालयाच्या संकेतस्थळावर माणूस येतो तो पुस्तक आहे की नाही बघायला, आणि पहिल्याच शोधाला ‘नाही’ आलं की तो परत फिरकत नाही. ग्रंथयादीतली नोंद बदलू नका, ‘देशपांडे, पु. ल.’ ही पद्धत ग्रंथपालांच्या कामाची आहे. तिच्या शेजारी फक्त शोधासाठी एक वेगळा रकाना करायला सांगा. त्यात टिंबं, स्वल्पविराम काढलेले, नावाचे तुकडे कुठल्याही क्रमाने चालतील असे, आणि ‘पुलं’सारखी रूढ रूपंही घातलेली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही पोटात घ्यायला हव्यात. वाचक शुद्धलेखनाच्या परीक्षेला बसलेला नाही.

मराठीत आणखी एक गोची आहे आणि ती डोळ्यांना दिसतच नाही. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत) दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच, काही जण अ वर चंद्र देऊन लिहितात. नोंद एका तऱ्हेने आणि शोध दुसऱ्या तऱ्हेने असला की ‘सापडली नाही’. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, इथे पुरत नाही, हे नियम हाताने घालावे लागतात. काम फार नाही, पण करणाऱ्याला ते माहीत हवं.

मराठी आकड्यांचं तर नवं कोटेशन मागूच देऊ नका. संकेतस्थळांच्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेला ‘१२३’ हा आकडा वाटतच नाही. आत घेताना दहा आकड्यांची अदलाबदल केली की संपलं. मराठी संकेतस्थळावर मराठी आकडे चालत नसतील तर तो दोष आहे, नवी सोय नव्हे. पत्रात तसंच लिहा.

अनघा_प

तुम्ही बाईंच्या शेजारी बसलात ना, आमच्या क्षेत्रात त्याचाच पगार मिळतो. तेच आणखी चार-पाच जणांबरोबर करा. संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी कळतात. त्यावर वाद आहे, आणि तो रास्त आहे: पाचही जण एकाच छापाचे असले तर उपयोग नाही. तुमच्याकडे एक आजोबा, एक स्पर्धा परीक्षेवाला मुलगा, मुलांसाठी पुस्तकं नेणारी एखादी आई, असे निवडा.

“संकेतस्थळ कसं वाटलं?” असं मात्र विचारू नका. कार्यकारिणीवरच्या माणसाला सगळे “छान आहे हो” असंच सांगतात. काम द्या: “या पुस्तकाची मुदत वाढवून दाखवा.” आणि मग तोंड मिटून बसा, हेच सगळ्यात अवघड. त्यांची परवानगी असेल तर फोनच्या पडद्याचं चित्रीकरण घ्या. कार्यकारिणीत दहा मुद्दे वाचून दाखवण्यापेक्षा कोरा झालेला फॉर्म दाखवलात तर लवकर पटेल.

ओटीपीचं म्हणाल तर, कमी मेमरीच्या फोनवर दुसरीकडे जाऊन आलं की ब्राउझर पान नव्याने उघडतो आणि भरलेलं जातं. लिहिलेलं त्या फोनवरच तात्पुरतं साठवून ठेवता येतं, तेवढं करून घ्या. त्याहून सोपं म्हणजे खातं लागतं कुठे ते तपासा. पुस्तक आत आहे की बाहेर हे बघायला ओळख कशाला पटवायची? राखून ठेवताना काय ती मागा. आणि पासवर्डातली ती चिन्हं काढून टाका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये असे नियम लादू नका असं सांगितलंय.

जुना_वाचक

माझं वय सत्तरीपुढे. आमच्या शहरातल्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर करड्या रंगात बारीक अक्षरं, आणि दोन बोटांनी मोठं करायला जावं तर पान हलत नाही. कोणी मुद्दाम बंद करून ठेवलंय म्हणे. ते का करतात?

अनघा_प

काका, मांडणी विस्कटू नये म्हणून. अगदी वाईट सवय आहे. पांढऱ्यावर करडं लिहितात तेही दिसायला नाजूक दिसतं म्हणून. सुगम्यतेचे, म्हणजे संकेतस्थळ सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितलाय, आणि अक्षरं दुपटीपर्यंत मोठी करता आली पाहिजेत असंही. देवनागरीला ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं; इंग्रजीचंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. देवघेव, हेही तुमच्या पत्रात घाला.

ग्रंथसेविका

मी विदर्भात ग्रंथपाल आहे. तुमच्या कार्यकारिणीला संगणकाची भाषा सांगू नका, ग्रंथालयाची सांगा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे १९३१ चे पाच नियम प्रत्येक ग्रंथपालाने परीक्षेसाठी पाठ केलेले असतात. चौथा नियम: वाचकाचा वेळ वाचवा. तुमच्या ग्रंथपाल मॅडमना बैठकीत बोलवा आणि त्यांनाच तो म्हणायला लावा.

आणि एक. आम्ही खिडकीशी वही ठेवली आणि वाचक काय विचारतो त्याच्यापुढे नुसत्या काड्या मारल्या. पुस्तक आहे का, आज उघडं आहे का, माझी वर्गणी किती बाकी आहे, दिवाळी अंक कधीपासून मिळणार. पहिल्या पानावर काय हवं ते त्या वहीनेच सांगितलं. सचिवांचं मनोगत कुणीच मागितलं नव्हतं.

देवघेव

सगळ्यांचे आभार. वही आजच ठेवली. शोध, मराठी आकडे, फॉर्म कोरा होणं आणि चूक नेमकी कुठल्या चौकटीत आहे ते दाखवणं, एवढं दोष म्हणून पत्रात घालतोय. बाकीचं जमेल तसं.

आता नाजूक प्रश्न. पहिल्या पानावरचे फोटो काढायचे कसे? अध्यक्ष माणूस चांगला आहे, पण तो फोटो त्यांनी स्वतः निवडून दिलाय.

ग्रंथसेविका

काढू नका, हलवा. ‘संस्थेविषयी’मध्ये चांगला मोठा लावा, खाली नाव, कार्यकाळ. आणि ते करायच्या आधी अध्यक्षांनाच फोन हातात देऊन म्हणा, तुमच्याकडच्या पुस्तकाची मुदत वाढवून बघा जरा.

देवघेव

हे भारी आहे. ते रोज सकाळी पेपर वाचायला येतात, आणि त्यांच्याकडची पुस्तकं नेहमीच मुदतीबाहेर असतात.

घाटावरचा

एक विचारायचं राहिलं. तुमची ग्रंथयादी मुळात कशात टंकली होती? जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणली असेल तर जोडाक्षरं आणि रफार बिघडलेले असायची शक्यता आहे, मग शोध कितीही सुधारला तरी काही पुस्तकं निसटणार. एक्सेलमध्ये यादी असेल तर लेखकाच्या नावाचा रकाना अकारविल्हे लावा. एकाच लेखकाची दोन-तीन रूपं एकाखाली एक आली की लगेच कळेल.

देवघेव

लावून बघितलं. ‘कुलकर्णी’ पाच तऱ्हांनी आहेत. एकात तर रफार ‘ल’वर बसलाय. हिशेबनिसाचंच काम आहे हे, बसतो. दुरुस्त केलेली यादी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये परत चढवताना दाखल क्रमांक (प्रत्येक पुस्तकाला नोंदवहीत दिलेला वेगळा क्रमांक) धरून चढवायची ना? नावावरून नको?

घाटावरचा

दाखल क्रमांक धरूनच. आणि आधी मूळ यादीची प्रत बाजूला काढून ठेवा.