चर्चा: चिडलेला नातेवाईक पडद्यावर, शिकाऊ डॉक्टर सरावासाठी त्याच्यासमोर. चालेल?

खाडीपलीकडचा: रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमापासून एमबीबीएसला संवाद शिकवणंही आलं, पण तासाला बसून ते येत नाही. पडद्यावरचा आभासी माणूस रडतो, ओरडतो, विद्यार्थी गप्प राहिला तर आणखी भडकतो. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. इंटर्नशिपच्या पहिल्याच रात्री कुणाच्या खऱ्या बापाच्या मरणावर हात बसवण्यापेक्षा हे बरं. माझं मत: आणा.

सिस्टर_कुडाळ: तो माणूस बोलणार पुस्तकी मराठी. आमच्याकडे म्हातारी सांगते, "छातीत कसानुसा जाता". यंत्राला कळेल? आणि नातेवाईक एकटा येतो कुठे! जीप भरून येतात. ओरडणारा भाचा असतो, पण निर्णय कोपऱ्यात गप्प बसलेल्या आत्येचा. नवीन डॉक्टर भाच्याशीच वाद घालत राहतो. हे ओळखायचं कसं, ते पडद्यावरचा एकटा माणूस शिकवणार नाही.

तिसऱ्या_वर्षाला: सिस्टर, मान्य, पण माझ्या बॅचला सगळ्यांना सारखाच चिडलेला माणूस मिळेल, हे लहान नाही. वॉर्डात कुणाला शांत पेशंट, कुणाला मारामारी. वाईट बातमी सांगायची 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे. दुसरी पायरी, समोरच्याला आधीच काय माहीत आहे ते विचारणं. मी ती हमखास गाळतो. रेकॉर्डिंग लावलं की तोंड लपवायला जागा नाही. वॉर्डात सर एवढं कुठे थांबून ऐकतात?

पेटीमास्तर: पडद्यावर पैसे कशाला घालवता? १९६३मध्ये अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी धडधाकट माणसांना पेशंटची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. तेव्हापासून जगभर तसं करतात. आपल्याकडे तर दशावतारी नाटक आहे! लिहिलेली संहिता नाही, समोरचा बोलेल तसं उत्तर रंगमंचावरच सुचतं. राक्षसाचा आवाज काढणाऱ्याला चिडलेला भाचा करायला कितीसा वेळ? मालवणीही आपसूक येईल. (मी त्यात पेटी वाजवतो, त्यामुळे माझा स्वार्थ आहे, लपवत नाही.)

खाडीपलीकडचा: मास्तर, कल्पना झकास. पण जत्रा सुरू झाल्या की नट रात्रभर जागणार, सकाळी कॉलेजात कोण येणार? यंत्र रात्री दोनलाही तयार असतं, आणि त्याच्यासमोर घाबरायला लाज वाटत नाही.

पेटीमास्तर: पावसाळ्यात नाटक कंपन्या बसूनच असतात. लेप्टोच्या तापाचे पेशंटही तेव्हाच वाढतात, म्हणजे सराव ऐन वेळेला. मानधन मात्र वेळेवर द्या.

सिस्टर_कुडाळ: लाज वाटली नाही तर उपयोग काय? खरा माणूस समोर असला की हात थरथरतो, सराव त्याचाच हवा. मी मास्तरांच्या बाजूने.

तिसऱ्या_वर्षाला: थरथर आधी एकट्याने थोडी कमी करून मग नटासमोर बसलो तर? आणि प्रसंग पेशंटला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवायचा घ्या. "हयसर कित्याक होणा नाय? वाटेत काय झाला तर?" याला काय बोलायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सिस्टर_कुडाळ: आधी बस, त्यांना बसव. काय होतंय, तिथे काय आहे जे इथे नाही, गाडीत सोबत कोण असेल, एवढं सांग. "काही होणार नाही" म्हणू नकोस. आणि आत्येकडे बघून बोल.